आभाळधारेला पाणी येतं कुठून?

माझी भाची अंबाजोगाईला असते, नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिनं माझ्यापुढं एक दोनशे पानी वही ठेवली. वहीत अख्खं जग होतं. तीन राज्यं, दोन सूर्य, झाडांची स्वतःची लिपी आणि मधोमध हवेत तरंगणारा डोंगर. त्या डोंगरावरून खाली पडणारा धबधबा म्हणजे आभाळधार. उंची सातशे परस, म्हणजे साधारण किलोमीटरभर. विहिरीची खोली परसात मोजणाऱ्या घरातली मुलगी, तिनं डोंगरही त्याच मापानं मोजला होता. धारेच्या मागं राणीचा महाल, पायथ्याशी निळा तलाव, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘ही धार कधीच आटत नाही.’

मी एवढंच विचारलं, “इतकं पाणी येतं कुठून?”

“मामा, जादूचं जग आहे ते.”

तिचं म्हणणं मला मान्य आहे. डोंगर तरंगतो म्हटलं की तरंगतो, त्यावर वाद नाही. पण कल्पनेतलं जग वाचणाऱ्याच्या मनात घर करतं, ते जादूनंतरचं सगळं आपापल्या नियमानं चालतं म्हणून. धबधबा तर त्यासाठी फारच चांगली जागा. पाऊस, खडक, वारा, उजेड आणि माणसं, सगळी एका ठिकाणी येतात. आम्ही दोघं दोन दिवस या एका धबधब्यावर बोलत होतो. ते बोलणं इथं नीट मांडतो आहे. अशी वही भरणारी मुलं बऱ्याच घरांत असतात, आणि धबधबा कसा चालतो हे मोठ्यांनाही कुणी फारसं समजावलेलं नसतं.

आधी पाण्याचा हिशोब. आभाळधारेचा काठ २० मीटर रुंद धरा. एक एस.टी. बस आडवी उभी केली तर साधारण निम्मा काठ झाकेल, एवढाच. काठावर पाण्याची खोली अर्धा मीटर, वाहण्याचा वेग सेकंदाला २ मीटर. तिन्हींचा गुणाकार केला की सेकंदाला २० घनमीटर पाणी होतं, म्हणजे २० हजार लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा मोठा टँकर १० हजार लिटरचा धरला, तर दर सेकंदाला दोन टँकर. दिवसाला पावणेदोन लाखांच्या आसपास टँकर. हाच हिशोब वर्षाला नेला की ६३० दलघमी (दशलक्ष घनमीटर) होतात, म्हणजे सुमारे २२ टीएमसी (अब्ज घनफूट). जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी आहे. एका बऱ्यापैकी धबधब्याला बारा महिने चालू ठेवायला जायकवाडीचा पाव हिस्सा पुरत नाही!

हे ऐकून ती गप्प झाली. मी पुढचा प्रश्न विचारला: हे पाणी गोळा करायला जमीन किती लागेल? मराठवाड्यात वर्षाला ढोबळमानानं ७०० मिलिमीटर पाऊस धरू. पडलेला सगळा पाऊस नदीला मिळत नाही. काही वाफ होऊन जातो, काही माती आणि पिकं पितात, काही खाली मुरतो. चौथा हिस्सा नदीत उतरला असं समजलं, तर ६३० दलघमीसाठी ३,६०० चौरस किलोमीटर जमीन लागते. साठ किलोमीटर लांब, साठ किलोमीटर रुंद. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर पडणारा पाऊस एका कड्याकडे वळवला, तर ती धार वर्षभर चालेल. तीही पाणी साठवून पुरवून वापरलं तर. वहीतला तरंगता डोंगर अंबाजोगाई शहराएवढा होता.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच आहे. धबधबा आपल्याला कड्यावर दिसतो, पण तो बनतो कड्याच्या मागं, जिथं कुणी फोटो काढायला जात नाही. पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, तेव्हा लोक दरीच्या काठावर उभे राहून खाली रामेश्वराच्या मंदिराकडे बघतात. पाठ वळवून वरच्या माळाकडे कुणी बघत नाही. त्या माळावर किती आणि कसा पाऊस पडला, यावर त्या दिवशीचा सौताडा ठरलेला असतो.

मग आभाळधारेचं काय करायचं? पाऊस वाढवता येतो. चेरापुंजीला वर्षाला ११ हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. तसा पाऊस धरला आणि त्यातला पाऊण हिस्सा वाहून आला, तर नऊ किलोमीटर लांब-रुंद डोंगरावर भागतं. अशा पावसासाठी जादूचीही गरज नाही. ओली हवा डोंगराला अडून वर चढते, वर गेली की थंड होते, थंड झाली की तिच्यात वाफ मावत नाही आणि ढग होतात. म्हणून तरंगत्या डोंगराच्या डोक्यावर कायम ढगाची टोपी हवी. डोंगरमाथ्यावर ऊन नाही, सगळीकडे शेवाळ, लोकांच्या हाडांत ओल, चूल पेटायला त्रास. भाचीनं तिथं सोनेरी गव्हाची शेतं काढली होती. ती तिनं स्वतःहून खोडली.

पण पाऊस पाडून भागत नाही, तो साठवायलाही हवा. पाऊस काही दिवस येतो, धार वर्षभर हवी. त्यासाठी वर मोठं सरोवर लागतं, किंवा हळूहळू वितळणारं बर्फ, किंवा पाणी धरून ठेवून थेंबथेंब सोडणारा खडक. आपल्याकडचा काळा खडक या बाबतीत कंजूष आहे. तो भेगांत आणि मऊ थरांत थोडं पाणी धरतो, बाकी वाहून जाऊ देतो. म्हणून आपले बहुतेक धबधबे मोसमी आहेत. मृगानंतर सुरू होतात, श्रावण-भाद्रपदात भरात येतात आणि थंडी संपता संपता काळी ओली रेघ तेवढी उरते. २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा ही मुलगी लहान होती, पण घरात त्या उन्हाळ्याची आठवण अजून निघते. ‘कधीच आटत नाही’ हे शब्द तिनं का लिहिले असतील, ते मला समजतं.

आता खडकाकडे. नदी सतत तळ घासत असते. तिला वेळ मिळाला की ती वाटेतली प्रत्येक पायरी झिजवून सरळ उतार करून टाकते. मग धबधबा टिकतो कसा?

याचं उत्तर आपल्या भागात विहीर खोदणाऱ्या माणसाला विचारावं. वर काळी माती, मग मुरूम. त्याखाली काळा पाषाण, पहार लावली की ठिणगी उडते. त्याखाली मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, पांढऱ्या खड्यांनी भरलेला, तुलनेनं मऊ. कधी मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा. मग पुन्हा काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला, पसरला, निवाला. त्यावर दुसरा आला, मग तिसरा. दोन लाव्ह्यांच्या मध्ये बराच काळ गेला तिथं वरच्या थराची माती झाली, आणि नव्या तापलेल्या लाव्ह्याखाली ती भाजून तांबडी झाली. महाराष्ट्राचं पठार म्हणजे दुरडीत रचलेली भाकरींची चवड आहे. एक भाकरी कडक, एक मऊ.

नदी या चवडीच्या कडेवरून पडते, तेव्हा कडक थर टिकतो आणि खालचा मऊ थर पाण्याच्या माराने, तुषारांनी, ओल्या-सुक्याच्या फेऱ्याने पोखरला जातो. वरचा दगड छज्ज्यासारखा पुढं आलेला राहतो. एक दिवस त्याचं वजन त्यालाच पेलवत नाही आणि तो कोसळतो. कडा पुन्हा उभा होतो, फक्त थोडा मागं सरकून. म्हणजे धबधबा स्वतःला मोडत मोडत उभा राहतो, आणि प्रत्येक वेळी नदीच्या उगमाच्या दिशेनं एक पाऊल मागं जातो. त्याच्या पुढं उरते ती दरी. नायगाराचा धबधबा असा गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत ११ किलोमीटर मागं गेला आहे.

अजिंठ्याला हे डोळ्यांनी बघता येतं. वाघूर नदी सप्तकुंडांतून टप्प्याटप्प्यानं खाली उतरते आणि तिथून घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी सुरू होते. त्या वळणाच्या उभ्या भिंतीत लेणी आहेत. ती भिंत नदीनं कोरून दिली, मगच माणसाची छिन्नी तिला लागली. पहिली लेणी खोदायला सुरुवात होऊन दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, तरी धबधबा दरीच्या टोकाशीच आहे. सगळे खडक नायगाऱ्याच्या घाईनं मागं सरत नाहीत.

हे कळल्यावर भाचीच्या नकाशात एक फार चांगली भर पडली. तिच्या जगात पाचशे वर्षांपूर्वीचं एक देऊळ आहे, धबधब्याच्या अगदी काठाशी बांधलेलं. मी म्हटलं, तुझा खडक मऊ असेल आणि धार वर्षाला मीटरभर मागं जात असेल, तर पाचशे वर्षांत ती अर्धा किलोमीटर दूर गेली. देवळाच्या पायऱ्या आता नुसत्या दरीत उतरतात, तळाशी नदी वाहते, पण धार नाही. पुजारी रोज अर्धा किलोमीटर चालून अभिषेकाला धारेचं पाणी आणतो. जुनी माणसं सांगतात की देवी रुसून मागं गेली. तिनं हे ताबडतोब लिहून घेतलं.

कड्याच्या तळाशी काय होतं, हेही सांगायला हवं. कोसळणारं पाणी गोटे गरागरा फिरवतं आणि ते गोटे दगडात गोल खड्डे पाडतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे असेच झाले. धबधब्याखालचा खोल डोह हा याच कामाचा मोठा भाऊ. आणि खडकात उभ्या भेगा असल्या की पाणी एका धारेत न पडता फुटून पडतं. नांदेड आणि यवतमाळच्या सीमेवर पैनगंगा सहस्रकुंडाला अशीच काळ्या खडकांतून वाट काढत अनेक धारांनी कोसळते.

महालाचा प्रश्न तिनं मोठ्या काळजीनं विचारला, कारण मी तोही मोडीत काढीन अशी तिला भीती होती. मला उलट तिथं काहीच बदलायचं नव्हतं. पोखरलेल्या मऊ थरामुळं धारेच्या मागं कपार तयार होतेच. आणि पाण्याच्या पडद्यामागचा महाल तर आपल्या मराठवाड्यात प्रत्यक्ष आहे. धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून धरणाची भिंत बांधलेली आहे आणि त्या भिंतीच्या पोटात पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं हे काम. त्याची कारकीर्द १५८० ते १६२७. पावसाळ्यात नदी भरून आली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, आणि भिंतीच्या आत बसलेला माणूस कोरडा राहून समोरची धार बघतो. त्या काळच्या कारागिरांनी पाण्याला भिंतीपासून दूर फेकलं म्हणून हे जमलं. मी तिला म्हटलं, तुझ्या राणीच्या महालाच्या गवंड्यांना हे यायला हवं. ओल धरली तर महाल दहा वर्षंही राहणार नाही.

आता उंची. पाणी ५० मीटरवरून पडलं तर साधारण सव्वातीन सेकंदांत खाली येतं आणि हवेचा अडथळा धरला नाही तर त्याचा वेग ताशी ११३ किलोमीटर होतो. किलोमीटरवरून पडलं तर, हाच हिशोब चालवला, ताशी ५०० किलोमीटर व्हायला हवा. पण तसं होत नाही, कारण मध्ये हवा आहे. गच्चीवरून तांब्याभर पाणी खाली टाकून बघा. वर जो सलग पट्टा असतो, त्याचे खाली येईपर्यंत थेंब झालेले असतात. मोठा थेंब हवेत फुटतो, आणि फुटून झालेला पावसाचा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग गाठला की त्याहून वेगानं पडतच नाही. हवा त्याला खालून तोलून धरते. व्हेनेझुएलातला एंजेल धबधबा ९७९ मीटर उंच आहे, जगातला सर्वांत उंच. पाणी कमी असतं तेव्हा त्याचं बरंचसं पाणी खाली पोचण्याआधीच धुकं होतं.

म्हणजे आभाळधार, ती जशी काढली होती तशी, खाली धडकणारच नाही. तिचे तुषार होतील, वारा ते दूरवर नेईल. पायथ्याशी निळा डोह होणार नाही, कायमची रिमझिम असेल. आणि आवाज? पडणारं पाणी हवेत जवळजवळ मुकं असतं. धबधब्याचा आवाज होतो तो पाण्यात कोंडल्या गेलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा. बुडबुडे थरथरतात, मोठ्यांचा स्वर खर्जात, लहानांचा चिरका. डोह नाही म्हणजे गर्जना नाही. आभाळधारेखाली उभ्या असलेल्या माणसाला पानांवर पडणाऱ्या भुरभुर पावसाचा आवाज ऐकू येईल. मला ही कल्पना गर्जनेपेक्षा जास्त आवडली, पण डोहात तिच्या गोष्टीतली एक होडी बुडते, त्यामुळं डोह हवाच होता. शेवटी तिनं सप्तकुंडांसारखे टप्पे केले. एकेक उडी दीडशे मीटरची, प्रत्येक टप्प्यावर एक कुंड. आता धार सलग राहते, डोह होतो, आणि प्रत्येक कुंडाचं वेगळं गाव होतं.

उलटा वाहणारा धबधबाही तिला एका कोपऱ्यात हवा होता. तो तर आहे. पुणे जिल्ह्यात नाणेघाटात पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी खालून येणारा वारा उचलून पुन्हा वर फेकतो. थेंबाच्या पडण्याच्या वेगापेक्षा वर येणाऱ्या वाऱ्याचा वेग जास्त झाला की थेंब वर जातो, इतकं साधं. त्यासाठी मोठी दरी, तिच्यात कोंडलेला वारा आणि बारीक धार पुरते.

तुषारांमुळं जवळपास गारवा का असतो, असं तिनं विचारलं. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं. वाफ होताना पाणी आसपासची उष्णता घेतं. खरं तर पडल्यामुळं पाणी किंचित तापतं, दर ४२७ मीटरला एक अंश, पण तुषारांचा गारवा त्याच्यावर मात करतो.

इंद्रधनुष्य पटकन सांगतो. सूर्य पाठीमागं हवा, तुषार समोर हवेत, आणि आपल्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे ४२ अंशांवर कमान दिसते. पूर्वेकडे तोंड केलेल्या धबधब्यावर ती सकाळी दिसेल, पश्चिमेकडच्यावर संध्याकाळी. पौर्णिमेच्या चंद्रानंही फिकी कमान पडते. तिच्या जगात दोन सूर्य आहेत, म्हणजे दोन कमानी एकमेकींना छेद देत पडतील, आणि एक सूर्य मावळला की एक विझेल. घड्याळ म्हणून वापरता येईल. लाल पाण्याचा धबधबा हवा असेल तर लोहाचे क्षार पुरेसे आहेत. अंटार्क्टिकात टेलर हिमनदीच्या टोकातून असं लाल पाणी झिरपतं.

राहिली माणसं. आभाळधार ज्या राज्याच्या माथ्यावर सुरू होते, ते राज्य खालच्या दोन्ही राज्यांची मान हातात धरून आहे, आणि हे तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. वरच्यानं कुंड अडवलं तर खालचा काय करणार? गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही, यावरून आपण किती वर्षं भांडतो आहोत. २००५ साली राज्यानं जलसंपत्ती नियमनाचा कायदा केला, त्यात समन्यायी पाणीवाटप आलं, तरी कमी पावसाच्या वर्षी वाद पुन्हा उभा राहतोच. मी तिला म्हटलं, तुझ्या जगात असा कायदा कुणी लिहिला? कोणत्या लिपीत? कोण पाळतं? मराठवाड्यातल्या मुलीनं पाण्याबद्दल लिहावं आणि त्यात हे येऊ नये, हे मला चालणार नव्हतं, आणि तेवढा एक हट्ट मी केला.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री तिनं ते ठळक वाक्य खोडलं. त्याखाली लिहिलं: ‘मृग लागला की धार सुरू होते. पोळ्याला सर्वांत मोठी. होळीला शेवटचा थेंब.’ मग बराच वेळ पेन्सिल तोंडात धरून बसली.

“मामा,” ती म्हणाली, “म्हणजे होळीनंतर पाण्याचा पडदाच नाही. खालच्या राजाला महालाचं दार दिसेल.”

आणि तिनं नवं पान उघडलं.